पाइनचं बोन्साय उपाशी ठेवून घडत नाही

"खत बंद करा, पाणी तोडा, म्हणजे सुया (पाइनची सुईसारखी पानं) आपोआप आखूड होतील." पाइनचं बोन्साय करणाऱ्यांना हा सल्ला वर्षानुवर्षं मिळत आला आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगली झाडं खंगतात.

उपाशी झाडाच्या सुया आखूड दिसतात खऱ्या, पण नवे डोळे (अंकुर) धरत नाहीत आणि आतल्या फांद्या वाळू लागतात. पाइनच्या जुन्या, उघड्या लाकडावर सहसा फुटवा येत नाही. गेलेली फांदी गेलीच.

जपानी काळ्या पाइनच्या बाबतीत खरी रीत अगदी उलटी आहे. वसंतात भरपूर खत देऊन झाडात ताकद भरायची. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्या वर्षीचे उभे कोवळे कोंब बुडाशी कापायचे. तिथून दुसरा फुटवा येतो. त्याला वाढायला मोसम थोडाच उरतो, म्हणून सुया आखूड राहतात. कोंब कापताना कुंडीतलं खत काढायचं, ते शरदात पुन्हा सुरू करायचं. हा दुसरा फुटवा साठवलेल्या ताकदीवरच येतो, म्हणून अशक्त किंवा नुकतीच कुंडी बदललेल्या झाडाला त्या वर्षी हात लावू नये.

१६२५ पासून जोपासलेलं, हिरोशिमाच्या अणुबॉम्बमधून वाचलेलं आणि आता वॉशिंग्टनमध्ये असलेलं प्रसिद्ध बोन्साय पांढऱ्या पाइनचं आहे. त्या जातीवर मात्र ही कापणी करू नका. तिला वर्षातून एकदाच फुटवा येतो, त्यामुळे लांबलेले कोंब फक्त चिमटीनं खुडायचे.