आकडा रुग्णाच्या हाती येईपर्यंत

१९८४ साली मिरजेच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीत एक स्पिरिटचा दिवा असे. आई काचेच्या नळीत पाच मिलिलिटर बेनेडिक्टचं निळं द्रावण घ्यायची, त्यात ड्रॉपरने माझ्या लघवीचे आठ थेंब मोजून टाकायची आणि नळी चिमट्यात धरून तापवायची. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी. मग पिवळा, नारिंगी, आणि विटकरी झाला की आईचा चेहरा उतरायचा. मी नऊ वर्षांची होते आणि टाइप वन मधुमेह, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनणंच थांबतं तो प्रकार, असल्याचं कळून जेमतेम दोन महिने झाले होते.

त्या रंगावरून माझ्या रक्तात त्या घटकेला किती साखर आहे हे कळतच नसे. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही, आणि उतरली तरी ती काही तासांपूर्वीची. साखर ७० च्या खाली घसरत असली तरी नळी निळीच. ज्या गोष्टीची आईला सगळ्यात जास्त भीती होती, नेमकी तीच त्या नळीत दिसत नव्हती.

आज माझ्या दंडावर सेन्सर आहे आणि पोटावर पंपाचा सेट, म्हणजे पंपातलं इन्सुलिन त्वचेखाली सोडणारी नळी. सेन्सर दर पाच मिनिटांनी एक आकडा देतो, दिवसाचे २८८. पंप त्या आकड्यांकडे बघून इन्सुलिन कमी-जास्त करतो. लोक विचारतात ते यंत्राबद्दल: दुखतं का, अंघोळीला काढावं लागतं का, किती दिवस चालतं. ही यंत्रं इथपर्यंत कशी आली हे वाचत गेले तेव्हा माझं लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीने वेधलं. साखर मोजता येऊ लागली आणि ती रुग्णाला दिसू लागली, या दोन घटना जवळजवळ प्रत्येक वेळी वेगवेगळ्या काळात घडल्या आहेत. मध्ये वर्षं गेली आहेत, आणि ती वर्षं तंत्र अपुरं होतं म्हणून गेली असं नेहमी म्हणता येत नाही.

इन्सुलिनची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ साली कुत्र्यांवर प्रयोग केले, जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला पहिलं इंजेक्शन मिळालं. ते फारसं लागू पडलं नाही. त्यांचा सहकारी कॉलिप याने अर्क शुद्ध केल्यावर बारा दिवसांनी दिलेलं दुसरं इंजेक्शन लागू पडलं. पेटंट एका डॉलरला टोरांटो विद्यापीठाकडे गेलं. टाइप वन म्हणजे मरण, हे समीकरण तिथे मोडलं. पण इन्सुलिन किती घ्यायचं हे ठरवायला हाताशी होती ती नळी आणि रंग. पुढची जवळपास पन्नास वर्षं तेच चाललं.

रक्ताची पट्टी, म्हणजे डेक्स्ट्रोस्टिक्स, १९६५ च्या सुमारास आली. तिच्यावर रक्ताचा थेंब टाकायचा, धुवायचा आणि रंग तक्त्याशी ताडून बघायचा. तो रंग वाचणारं यंत्र एम्स कंपनीने १९७० च्या आसपास आणलं. किलोभराहून जड, भिंतीतल्या विजेवर चालणारं, किंमत सहाशे डॉलरच्या पुढे. ते रुग्णालयांसाठी होतं. रात्री प्रयोगशाळा बंद असताना बेशुद्ध माणूस दारू प्यायलेला आहे की मधुमेही, हे झटकन कळावं, हा त्यामागचा हेतू.

न्यूयॉर्कमधल्या रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या इंजिनिअरने त्याची जाहिरात पाहिली. त्याला बाराव्या वर्षापासून मधुमेह होता, तिशीतच शरीर पोखरत चाललं होतं. त्याने यंत्र मागितलं तर कंपनीने नाही म्हटलं: डॉक्टरांशिवाय कोणाला विकत नाही. त्याची बायको मानसोपचारतज्ज्ञ होती. तिच्या नावाने यंत्र घरी आलं. मग हा माणूस दिवसातून पाच-सहा वेळा स्वतःची साखर मोजायला लागला. काय खाल्लं की ती किती चढते, एक युनिट इन्सुलिन ती किती उतरवतं, हे इंजिनिअरच्या शिस्तीने लिहीत गेला. इन्सुलिनचे डोस छोटे करून विभागले, आणि साखर निरोगी माणसाच्या जवळपास ठेवता येते हे स्वतःच्या शरीरावर दाखवलं. त्याबद्दल लिहून पाठवलेले लेख वैद्यकीय नियतकालिकांनी परत केले. शेवटी पंचेचाळिशीच्या आसपास त्याने वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला, कारण डॉक्टर झाल्याशिवाय कोणी ऐकणार नव्हतं. या माणसाचा पुढचा कडक कमी-कर्बोदकांचा आहार मला पटत नाही आणि जमतही नाही. पण घरी बसून बोट टोचून घेणाऱ्या प्रत्येकावर त्याचे उपकार आहेत असं मी मनापासून मानते.

पंपाची वाट वेगळी होती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या आर्नल्ड कॅडिश यांनी पाठीवर बांधायच्या पिशवीएवढं यंत्र केलं. रक्तातली साखर बघून इन्सुलिन सोडणारं ते यंत्र होतं, म्हणजे आज आपण ज्याला क्लोज्ड लूप म्हणतो ती कल्पना पंपाइतकीच जुनी आहे. १९७० च्या दशकात बायोस्टेटर आला. तो खाटेशेजारी ठेवायचा, शिरेतून सतत रक्त ओढायचा आणि शिरेतूनच इन्सुलिन द्यायचा. संशोधनाला उत्तम, जगण्याला निरुपयोगी.

उपयोगाचा रस्ता निघाला तो अर्धी कल्पना सोडून दिल्यावर. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये जॉन पिकप, हॅरी कीन आणि सहकाऱ्यांनी मोजण्याचं काम बाजूला ठेवलं आणि फक्त देण्याचं काम यंत्राकडे दिलं. बॅटरीवर चालणारी सिरिंज, तिला बारीक नळी, नळीची सुई त्वचेखाली. दिवसभर थेंबथेंब इन्सुलिन, जेवताना जास्त. १९७८ मध्ये त्यांचा लेख छापून आला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत येल विद्यापीठातल्या टॅम्बोरलेन आणि सहकाऱ्यांनी तेच दाखवलं. त्यांनी वापरलेला पंप डीन केमन या तरुण संशोधकाच्या कंपनीचा होता. पंप निळा आणि अवजड, त्यामुळे तो वापरणारे त्याला निळी वीट म्हणत.

बेसल आणि बोलस हे आज पंपवाल्यांच्या तोंडी असलेले शब्द याच मांडणीतले. बेसल म्हणजे चोवीस तास चालणारी बारीक धार, बोलस म्हणजे खाण्यासाठी एकदम घ्यायचा डोस. पंपात फक्त लवकर उतरणारं इन्सुलिन असतं, शरीरात दीर्घकाळ टिकणारा साठा नसतो. नळी तुंबली, कॅन्युला (त्वचेखाली बसणारं तिचं बारीक टोक) वाकली, सेट सुटला तर काही तासांत कीटोन, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात साठणारी घातक आम्लं, चढायला लागतात. इंजेक्शनवर असताना एक डोस चुकला तरी आदल्या दिवसाचं इन्सुलिन सांभाळून घेतं. पंपावर तसं कोणी मागे उभं नसतं. म्हणून पंपवाल्याच्या पिशवीत पेन किंवा सिरिंज असलीच पाहिजे. हे मी नव्या मंडळींना पहिल्याच भेटीत सांगते, बाकीचं नंतर.

एवढा आटापिटा करून साखर आटोक्यात ठेवल्याने खरंच फरक पडतो का, यावर डॉक्टरांचंही एकमत नव्हतं. १९८३ ते १९९३ या काळात अमेरिका आणि कॅनडामध्ये १,४४१ टाइप वन रुग्णांवर डीसीसीटी हा अभ्यास झाला. एका गटाला त्या काळचे नेहमीचे उपचार, दुसऱ्याला दिवसातून तीन किंवा जास्त इंजेक्शनं वा पंप आणि वरचेवर रक्ततपासणी. दुसऱ्या गटात डोळ्याच्या पडद्याचा विकार सुरू होण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी झालं. पण याच गटात साखर धोकादायक खाली जाण्याचे प्रसंग तिप्पट झाले. त्या निकालाच्या वेळी मी अठरा वर्षांची होते. आमच्या पिढीला मिळालेला सल्ला साधारण असा होता: साखर खाली ठेवा, डोळे वाचतील, मात्र रात्री झोपेत ती फार खाली जाणार नाही हे तुमचं तुम्ही बघा. झोपेत कसं बघायचं?

त्याचं उत्तर सतत मोजणाऱ्या सेन्सरमध्ये होतं. लेलंड क्लार्क यांनी १९६२ मध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) आणि इलेक्ट्रोड यांची जोडी मांडली होती. विकर साखरेवर काम करतं, त्या क्रियेतून विजेचा बारीक प्रवाह मिळतो, प्रवाहावरून साखर. आजचे बहुतेक सेन्सर याच तत्त्वावर चालतात, फक्त केसासारखी तार रक्तात न जाता त्वचेखालच्या पेशींमधल्या द्रवात बसते. म्हणून सेन्सरचा आकडा रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो, आणि त्याच कुशीवर झोपलं तर दाबामुळे साखर खोटीच कमी दाखवून घरभर सगळ्यांना उठवतो.

असा पहिला सेन्सर अमेरिकेत १९९९ मध्ये मंजूर झाला, मिनिमेड कंपनीचा. तीन दिवस लावायचा. आकडे पेटीत साठत आणि नंतर डॉक्टर ते संगणकावर उतरवून घेत. लावणाऱ्याला तीन दिवस काही दिसत नसे. कारण समजण्याजोगं होतं: यंत्र नवं, अचूकता कमी, रुग्णाने एखाद्या चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर जीव जायचा. तरीही बर्नस्टीनच्या यंत्राची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. पुढच्या काही वर्षांत रुग्णाला दिसणारे सेन्सर आले. २००६ मध्ये डेक्सकॉमचा आला, त्याच वर्षी मेडट्रॉनिकने एकाच पडद्यावर सेन्सरचा आकडा दाखवणारा पंप आणला. मात्र इन्सुलिनचा डोस सेन्सरवरून ठरवायची अधिकृत परवानगी अमेरिकेत मिळायला २०१६ चा डिसेंबर उजाडला. तोवर बोट टोचणं सुटलं नव्हतं.

भारतात २०१५ मध्ये चौदा दिवसांचा सेन्सर आला तोही आधी डॉक्टरांसाठीचाच. मी तो लावला होता. दोन आठवडे दंडावर रुपयाएवढं बिल्लं, आणि त्यात काय साठतंय ते मला माहीत नाही. पंधराव्या दिवशी कागद हातात आला. चौदापैकी नऊ रात्री तीनच्या सुमारास माझी साखर पन्नाशीत होती. त्या नऊही रात्री मी ते लावून झोपले होते. आकडा माझ्या कातडीवर होता आणि मी त्याच्याशेजारी काही न कळता पडून होते. त्या कागदामुळे माझा रात्रीचा डोस बदलला, फायदाच झाला. पण तो कागद बघताना आलेला राग मी विसरलेले नाही.

हाच राग अमेरिकेत काही लोकांनी कामाला लावला. २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातले जॉन कॉस्टिक हे इंजिनिअर आपल्या चार वर्षांच्या मुलाच्या सेन्सरचे आकडे कामावर असताना दिसावेत म्हणून धडपडत होते. यंत्राचा पडदा मुलाजवळ, आणि दूर असलेल्या बापाला आकडे पाठवायची सोयच नव्हती. त्यांनी ती स्वतः लिहिली आणि इंटरनेटवर त्याबद्दल सांगितलं. इतर पालक, इंजिनिअर जमले, त्यातून नाइटस्काउट उभं राहिलं आणि सर्वांसाठी मोफत खुलं झालं. ‘आम्ही वाट बघत बसणार नाही’ ही त्यांची घोषणा होती. सिएटलमध्ये एकटी राहणारी डेना लुइस हिला रात्री सेन्सरचा गजर ऐकूच येत नसे. मोठा गजर हवा म्हणून तिने आणि स्कॉट लायब्रँडने सुरुवात केली. मग येणाऱ्या साखरेचा अंदाज बांधणारी प्रणाली केली, आणि डिसेंबर २०१४ मध्ये बेन वेस्टने उलगडलेल्या पंपाच्या रेडिओ-भाषेच्या जोरावर तिचा पंप त्या अंदाजाने चालू लागला. यासाठी जुने पंप लागत, कारण त्यांना बाहेरून आज्ञा देता येत असे. ती मुळात सुरक्षेतली त्रुटी होती. २०१५ मध्ये त्यांनी सगळी रचना ओपनएपीएस या नावाने खुली केली.

कंपन्याही तिकडेच चालल्या होत्या. साखर फार खाली गेल्यावर इन्सुलिन थांबवणारा पंप युरोपात २००९ मध्येच आला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत ६७०जी मंजूर झाला, बेसल आपण होऊन कमी-जास्त करणारा पहिला व्यापारी पंप. याला हायब्रिड म्हणतात, कारण अर्धं काम माणसाकडेच राहतं. जेवणाआधी कर्बोदकं सांगावी लागतात. त्वचेखाली सोडलेलं इन्सुलिन उतरायला वेळ घेतं, भात त्याच्या आधी रक्तात पोचतो. पुरणपोळीवर तूप घेतलं की साखर उशिरा आणि लांबवर चढते, एकाच बोलसात ती सापडत नाही. पंपाला सण कळत नाही. रात्र मात्र तो सांभाळतो. पंप घेतल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी सकाळी उठून आलेख बघितला. रात्रभर सरळ रेघ, तिच्याखाली पंपाने कुठे इन्सुलिन थांबवलं, कुठे वाढवलं त्याच्या बारीक खुणा. चाळीसेक वर्षांत माझी रात्र पहिल्यांदा दुसऱ्या कोणीतरी जागून काढली होती.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. माझा आकडा तिच्या फोनवर दिसतो. आकड्याशेजारचा बाण खाली वळला की तिचा फोन येतो, कधीकधी माझ्या गजराच्याही आधी.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने एप्रिल २०२४ पासून टाइप वन रुग्णांना हायब्रिड पंप टप्प्याटप्प्याने द्यायला सुरुवात केली आहे. आपल्याकडे पंप लाखांत आणि सेन्सरचा खर्च महिन्याला हजारांत, बहुतेक घरांत स्वतःच्या खिशातून. पंपाला मिलिलिटरमागे १०० युनिटचं इन्सुलिन लागतं. सरकारी दवाखान्यातली कुपी अजून बहुधा ४० युनिटची असते. ती अनेक ठिकाणी मोफत मिळते, पण तिच्याबरोबर पट्ट्या मिळतीलच असं नाही. पट्टी नसेल तर त्या घरातल्या आईला डोस अंदाजाने भरावा लागतो. माझ्या आईकडे निदान नळी तरी होती.