टोलीने करायचे प्रयोग : होशंगाबादची पार्श्वभूमी

शाळेच्या प्रयोगशाळेत ‘गटकार्य’ म्हटले, की एकाने प्रयोग करायचा आणि बाकीच्यांनी वाचने जर्नलमध्ये उतरवायची, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. मुलांनी मिळून शिकावे असे साहित्य कसे घडते, याचे उत्तर मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद (आताच्या नर्मदापुरम) जिल्ह्यात चाललेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात मिळते.

त्याची मुळे मुंबईपर्यंत जातात. अखिल भारतीय विज्ञान शिक्षक संघाच्या भौतिकी अभ्यासगटाने प्रयोगांवर आधारलेला अभ्यासक्रम तयार केला होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या काही शास्त्रज्ञांनी तो मुंबई महापालिकेच्या शाळांत नेला. त्याच संस्थेतून बाहेर पडलेल्या अनिल सद्गोपाल यांची ‘किशोर भारती’ ही स्वयंसेवी संस्था आणि होशंगाबादजवळच्या रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी १९७२ मध्ये १६ ग्रामीण शाळांत काम सुरू केले. पुढे दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापकही आले.

‘बाल वैज्ञानिक’ ही सहावी ते आठवीची कार्यपुस्तके त्यातून तयार झाली. त्यांत कृती आणि प्रश्न होते, तयार उत्तरे नव्हती. चार मुलांची एक टोली. एकच लांबी चौघांनी मोजली की आकडे थोडे वेगळे येतात; ते चूक म्हणून खोडायचे नाहीत, फरक का पडला यावर बोलायचे. मापनातली अनिश्चितता शिकवायची याहून चांगली रीत मला माहीत नाही. उत्तर छापलेलेच नसल्याने टोलीतल्या प्रत्येकाच्या नोंदीला किंमत आली.

खरे बळ मात्र ही पुस्तके लिहिण्याच्या पद्धतीत होते. प्रशिक्षणात शिक्षक स्वतः टोल्या करून तेच प्रयोग करत. नंतर मासिक बैठकांत वर्गातल्या अडचणी मांडत आणि त्यानुसार धडे बदलत. गावच्या शाळेतला शिक्षक विद्यापीठातल्या प्राध्यापकाला ‘हे वर्गात चालत नाही’ असे सांगू शकत होता, आणि ते ऐकले जात होते. परीक्षाही पुस्तक उघडे ठेवून होई, शिवाय प्रात्यक्षिक वेगळे.

१९७८ मध्ये कार्यक्रम जिल्हाभर पसरला. त्याच वर्षी तिथे गेलेल्या अभियंता अरविंद गुप्तांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूब आणि आगकाड्यांपासून शैक्षणिक साहित्य घडवले. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत त्यांनी हेच काम चालू ठेवले. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ या संस्थेने होशंगाबादच्या कार्यक्रमाची जबाबदारी घेतली. २००२ मध्ये राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला. तोवर तो अनेक जिल्ह्यांतल्या शेकडो शाळांत पोहोचला होता.