इथलाच की पाहुणा?

सप्टेंबर सरत आला की आंबोलीतले ओढे चतुर मोजण्याजोगे होतात. फार लवकर जाऊन उपयोग नाही. ऊन पाण्यावर उतरेपर्यंत चतुर जागचे हलत नाहीत. तोवर भेटतात त्या जळवा. ओढ्याची तब्येत कळावी म्हणून ठरावीक अंतर काठाकाठाने चालायचं आणि दिसेल तो वहीत टिपायचा. पंख पसरून बसला तर चतुर, मिटून बसली तर बहुधा टाचणी, म्हणजे चतुराचंच सडपातळ भावंड. लहानपणी ज्या 'शेपटी'ला आपण दोरा बांधायचो ते खरं तर त्याचं पोट. नर कोणत्या जातीचा, हे पुष्कळदा पोटाच्या टोकावरच्या चिमट्यावरूनच ठरतं.

पण दिसला म्हणजे तो इथलाच, असं नव्हे. पावसाळ्यात माळावर थव्याने घिरट्या घालणारा पिवळसर 'पँटाला' घ्या. हे चतुर भारतातून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिका गाठत असावेत, असं जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं. असे हजार पँटाला मोजले तरी खालच्या ओढ्याबद्दल फारसं काही कळत नाही.

म्हणून मला दगडाला चिकटलेली कात जास्त मोलाची वाटते. पाण्यात वाढलेली अळी वर चढते, तिची पाठ उकलते आणि चतुर बाहेर पडतो. मागे मातकट, पोकळ टरफल उरतं. भिंगातून पाहिलं तर उकललेल्या फटीत पांढरे धागे लोंबताना दिसतात. ते श्वासनलिकांचं अस्तर. ही कात म्हणजे त्याच पाण्यातला जन्मदाखला.

पतंग मोजण्याचं काम रात्रीचं: पांढरा पडदा, समोर दिवा, शक्यतो अमावस्येच्या आसपास. चांदणं असलं की पडदा ओस पडतो, म्हणून आकडा कमी आला तरी जंगल बिघडलं असं लगेच म्हणता येत नाही. पतंग प्रकाशाच्या ओढीने येतात असं आपण धरून चाललो होतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी वेगळंच टिपलं. उडणारे कीटक आपली पाठ उजेडाकडे वळवतात. एरवी उजेड म्हणजे आकाश, त्यामुळे तोल राहतो. दिव्याजवळ तीच सवय त्यांना फिरवत ठेवते. थोडक्यात, पडद्यावर बसलेला पतंग वाट चुकलेला असू शकतो.

तळहाताहून मोठा ॲटलास पतंग पडद्यावर आला की सगळे कॅमेरे काढतात. त्याला धड तोंडही नसतं. सुरवंट असताना खाल्लेल्यावरच तो जेमतेम आठवडा-दोन आठवडे जगतो. माझ्या वहीत त्याच्यापेक्षा दालचिनीच्या पानावर सापडलेला त्याचा सुरवंट वरच्या ओळीत जाईल.

दिवा मात्र उजाडण्याआधी मालवावा. उशीर झाला की कोतवाल पक्षी पडद्यावर येऊन न्याहारी उरकतो.