हिलक्लाइंबला पहिल्यांदा गाडी उतरवताना
चढाच्या रस्त्यावरच्या मोटार स्पर्धेबद्दल ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘हिलक्लाइंबला उतरायचंय, गाडीची पॉवर किती वाढवून द्याल?’ नागपूरच्या हिंगणा रोडवरच्या आमच्या गॅरेजात हा प्रश्न घेऊन येणाऱ्याला आम्ही उलट विचारतो: ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? बहुतेकांना आठवत नाही. या पत्रकात मुख्यतः त्याच अंगाने लिहिलं आहे. पहिल्या वर्षी खर्च करायचा तो गाडी थांबण्यावर, टायरवर आणि तुमच्या सुरक्षिततेवर. इंजिनाचं नंतर बघू.

हिलक्लाइंबमध्ये वाहतुकीला बंद केलेल्या चढाच्या रस्त्यावर एका वेळी एकच गाडी सुटते आणि खालून वरपर्यंत किती वेळ लागला ते मोजतात. ओव्हरटेकिंग नाही, शेजारी कुणी नाही. इंग्लंडमधल्या शेल्सली वॉल्शला ही स्पर्धा 1905 पासून होते. तो रस्ता जेमतेम 914 मीटरचा, वेगवान गाड्या अर्ध्या मिनिटाच्या आत वर पोहोचतात. अमेरिकेतल्या पाइक्स पीकला 1916 पासून स्पर्धा आहे, तिथे जवळपास 20 किलोमीटर, 156 वळणं आणि 4302 मीटरवर शेवट. सर्किटवर, म्हणजे बंद ट्रॅकवर, एक लॅप (फेरी) बिघडला तर पुढच्या लॅपमध्ये भरून काढता येतो, इथे तशी सोय नाही. म्हणून नवख्याने पहिल्या रनला वेळेचा विचारच करू नये. आदल्या दिवशी परवानगी असेल तर रस्ता पायी चाला. वळणावर खडी कुठे साचली आहे, डांबर कुठे उखडलं आहे, ओलावा कुठे टिकतो, हे काचेआडून दिसत नाही.

चढावर गाडीचं काय होतं

आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक फ्रंट व्हील ड्राइव्ह आहेत. चढावर वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि नेमकी तीच गाडी ओढत असतात. त्यामुळे स्टार्टला जोरात क्लच सोडला की चाकं जागच्या जागी फिरतात. हेअरपिनमधून, म्हणजे घाटातल्या उलट्या फिरणाऱ्या वळणातून, बाहेर पडताना आतलं चाक घसरतं. जास्त पॉवर दिली तर हा त्रास वाढतोच. उजव्या पायाला ॲक्सिलरेटरवर सावकाश वजन टाकायची सवय लावणं इथे पुष्कळ जास्त कामाचं.

उंचीचाही हिशेब आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटरवर, चिखलदरा साधारण 1100 मीटरवर. टर्बो नसलेलं इंजिन दर 300 मीटरला सुमारे 3 टक्के ताकद गमावतं, म्हणजे इथे 100 हॉर्सपॉवर देणारी गाडी तिथल्या उंचीवर 92 च्या आसपास येते. यात बिघाड काही नाही, हवाच विरळ आहे. अशा वेळी खालच्या गिअरमध्ये राहा.

ब्रेक

चढावर ब्रेक कमी लागतो, मग एवढी चिंता कशाला, असं लोक म्हणतात. रन संपल्यावर वर जमलेल्या गाड्या ताफ्याने खाली आणतात, हे ते विसरतात. तापलेल्या डिस्कनिशी अख्खा घाट उतरायचा असतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि पाणी मिसळलं की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट 4 दर्जाचं ताजं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा 155 वर येते. डॉट 3 साठी हे आकडे 205 आणि 140 आहेत. ऑइल उकळलं की पाइपमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. पेडल तळाला टेकतं आणि गाडी थांबत नाही.

तुमच्या गाडीचं काढलेलं ऑइल आम्ही काचेच्या बाटलीत नव्या ऑइलशेजारी ठेवून दाखवतो. नवं पिवळसर आणि आरपार दिसणारं, जुनं बहुधा टपरीवरच्या कडक चहासारखं. मग चारही चाकांना ब्लीडिंग करतो, म्हणजे ब्रेक पाइपमधली हवा काढतो, आणि पेडल तुमच्याच पायाने तपासायला लावतो.

ब्रेक पॅडबाबत एक आग्रह आहे. सर्किटचे रेसिंग पॅड मागू नका. ते तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत आणि हिलक्लाइंबमध्ये प्रत्येक रन थंड ब्रेकनेच सुरू होते. पहिल्याच वळणाला पकडणारा, रोजच्या वापरापेक्षा एक पायरी वरचा पॅड पुरतो. उतरताना दुसऱ्या गिअरात राहा. वर थांबल्यावर हॅंडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगडाची किंवा ठोकळ्याची ओट लावा.

टायर

हवा नागपुरात भरून तसेच निघू नका. दुपारी 40 अंशांत 32 पीएसआय भरलेला टायर पहाटे घाटात 18 अंशांत सुमारे 3 पीएसआयने बसलेला असतो. प्रेशर स्टार्टजवळ, टायर थंड असताना, स्वतःच्या गेजने बघा.

केज, सीट, हेल्मेट

रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा आतला पाइपांचा सांगाडा), सहा पट्ट्यांचा हार्नेस (सीटबेल्ट), बकेट सीट, अग्निशामक, बॅटरी तोडणारा कट-ऑफ स्विच यांतलं तुमच्या गटाला काय सक्तीचं ते स्पर्धेच्या पूरक नियमावलीत असतं. ती घेऊन या, आम्ही ओळ न् ओळ वाचूनच काम धरतो. हार्नेस आणि सीटवर मुदतीची तारीख छापलेली असते. स्वस्तात मिळालेलं सेकंडहॅंड सामान स्क्रुटिनीत, म्हणजे स्पर्धेआधीच्या गाडीच्या तपासणीत, बहुतेकदा इथेच अडतं.

रोज ऑफिसला नेण्याच्या गाडीत आम्ही केज बसवत नाही, कितीही आग्रह झाला तरी. हेल्मेट नसलेलं डोकं साध्या धडकेतही त्या लोखंडी पाइपवर आपटतं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत फेरबदल चालत नाहीत. केज हवा असेल तर स्पर्धेसाठी वेगळी जुनी गाडी घ्या आणि ती ट्रेलरवरून न्या.

कागद आणि सराव

अधिकृत स्पर्धेसाठी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचं स्पर्धक लायसन्स काढावं लागतं. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. स्पर्धेत गाडी ठोकली तर तो खर्च तुमचाच, असं धरून चाला.

चिखलदरा किंवा पचमढीच्या घाटात पहाटे ‘जरा टाइम काढून बघू’ म्हणणाऱ्यांचं काम आम्ही घेत नाही. सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगचाचणी करणं कलम 189 खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळीच तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चिखलदऱ्याचा परिसर मेळघाटचा आहे. त्या वळणांवर एसटी असते, सरपण घेऊन निघालेल्या बाया असतात, जनावरं असतात. सराव मालकाच्या परवानगीने मोकळ्या मैदानावर, ट्रॅफिकचे प्लास्टिक कोन मांडून करा. गाडी कधी घसरते आणि कशी सावरते ते चाळीसच्या वेगातही शिकता येतं. पुढची पायरी म्हणून कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या बंद ट्रॅकवर जा. नागपूरहून लांब पडतं, पण तो खर्च टर्बो किटपेक्षा सार्थकी लागतो.

आमच्याकडे येताना

स्पर्धेच्या किमान सहा आठवडे आधी गाडी आणा. सोबत आरसी, पूरक नियमावली आणि मागच्या सर्व्हिसची बिलं असू द्या. पहिल्या दिवशी आम्ही फक्त गाडी लिफ्टवर घेऊन ब्रेक पाइप, बुश, बॉल जॉइंट, इंजिन माउंटिंग आणि टायरची उत्पादन तारीख तपासतो, आणि लेखी यादी देतो. यादीत आवश्यक कामं वर आणि हौसेची खाली असतात. वरची पूर्ण झाल्याशिवाय खालची सुरू होत नाहीत.