क्रेब्स-हेन्सेलाइट द्रावण: कॅल्शियम सर्वांत शेवटी

शरीराबाहेर काढलेल्या ऊतींवरील प्रयोगांत त्या जिवंत ठेवण्यासाठी वापरायचे क्रेब्स-हेन्सेलाइट द्रावण तयार करताना ते गढूळ झाले, की क्षार अशुद्ध असल्याची शंका प्रथम येते. आम्ही क्षार पुरवतो, म्हणून ती शंका आमच्यावरच येते. परंतु दोष बहुधा क्षार मिसळण्याच्या क्रमात असतो.

एक लिटर द्रावणासाठी सोडियम क्लोराइड ६.९ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३५, सप्तजलीय मॅग्नेशियम सल्फेट ०.३०, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.१६, सोडियम बायकार्बोनेट २.१, ग्लुकोज २.० आणि द्विजलीय कॅल्शियम क्लोराइड ०.३७ ग्रॅम लागते. कॅल्शियम बाजूला ठेवून बाकीचे सर्व घटक सुमारे ९०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात पूर्ण विरघळवावेत आणि त्यातून ९५ टक्के ऑक्सिजन व ५ टक्के कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण १५ ते २० मिनिटे सोडावे. हा वायू केवळ ऊतीला ऑक्सिजन मिळावा म्हणून नसतो: कार्बन डायऑक्साइड कमी पडल्यास पीएच चढतो, बायकार्बोनेटपासून कार्बोनेट वाढते आणि कॅल्शियम त्याच्याबरोबर व फॉस्फेटबरोबर साका धरून खाली बसते. म्हणून वायू सोडल्यानंतरच, द्रावण ढवळत, कॅल्शियम थोडे थोडे घालावे व मग पाण्याने एक लिटर पुरे करावे. ३७ अंश सेल्सिअसला पीएच ७.४ च्या आसपास यावा; तो जास्त दिसल्यास आम्ल घालण्यापूर्वी वायूचा पुरवठा तपासावा.

कॅल्शियम क्लोराइड हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे बरणी वारंवार उघडली की वजनावर विश्वास ठेवता येत नाही. त्याचे एक मोलर (लिटरमागे एक मोल) द्रावण करून ठेवणे आणि दर लिटरसाठी त्यातील २.५ मिलिलिटर घेणे अधिक खात्रीचे असते. कॅल्शियम क्लोराइड द्विजलीय नसून निर्जल, म्हणजे स्फटिकात पाणी नसलेले, असल्यास ०.२८ ग्रॅम पुरते, तेच ०.३७ ग्रॅम घेतले, तर २.५ ऐवजी सुमारे ३.३ मिलीमोलर कॅल्शियम होते. एवढ्या फरकानेही स्नायूचे आकुंचन बदलू शकते. बेडकाच्या हृदयावर काम करणाऱ्या सिडनी रिंगर यांना १८८३ मध्ये आढळले, की आपले आधीचे द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात नव्हे, तर नळाच्या पाण्यात केले गेले होते आणि हृदय चालू राहण्याचे श्रेय त्या पाण्यातील कॅल्शियमला होते.

बायकार्बोनेट, ग्लुकोज व कॅल्शियम वगळून उरलेल्या क्षारांचे दसपट तीव्र द्रावण शीतकपाटात ठेवता येते. ग्लुकोज घातलेल्या द्रावणात जंतू लवकर वाढतात, म्हणून ते त्याच दिवशी वापरावे. गढूळ झालेले द्रावण गाळून वापरू नये. गाळणीवर राहिलेला साका हा ऊतीच्या वाट्याचा कॅल्शियमच असतो.