कूलरला हात लावला की झिणझिण्या का येतात? रूमवर राहणाऱ्यांसाठी थोडं विजेचं

मार्च संपत आला की आपल्याकडं दोन गोष्टी बरोबरच होतात, माळ्यावरचा कूलर खाली येतो आणि जमीन आतपर्यंत वाळून जाते. या दोन्हीचा एकमेकींशी काय संबंध असं वाटेल, पण लातूरला क्लाससाठी आलेली पोरं असोत की वाळूजच्या एमआयडीसीत शिफ्ट करून एका रूमवर चार-चार जण राहणारे असोत, "काका, कूलर करंट मारायलाय" असं घरमालकाला सांगायची वेळ येते ना, त्यामागं ही वाळलेली जमीन पण असते.

आधी कूलरचं बघू. पत्र्याची बॉडी, आत पंख्याची मोटर आणि खाली पाण्यात बुडालेला छोटा पंप. बोअरचं क्षाराचं पाणी, वर्षभर माळ्यावर पडून कडक झालेली वायर, कुठंतरी उंदरानं कुरतडलेलं. इन्सुलेशन एका जागी जरी फाटलं तरी फेज, म्हणजे करंट घेऊन येणारी वायर, बॉडीला टेकतो आणि अख्खा पत्रा जिवंत होतो. असं झालं तर वीज माणसातून न जाता दुसऱ्या वाटेनं जमिनीत जावी म्हणून बॉडीला हिरवी वायर जोडलेली असते, ती पिनेच्या वरच्या जाड पायाला येते. तो पाय बाकी दोघांपेक्षा लांब असतो कारण पिन घालताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावं. आणि आपण काय करतो, टू-पिन बसत नाही म्हणून वरच्या भोकात पेनचं झाकण घालून शटर उघडतो, किंवा तीन पिनचं दोन करणारं कनेक्टर दुकानातून घेऊन येतो. म्हणजे जी वायर जीव वाचवायला होती तीच बाहेर राहते.

बरं, समजा पिन नीट आहे. ती हिरवी वायर पुढं जाते कुठं? भिंतीतून खाली, आणि अंगणात किंवा घराच्या मागं पुरलेल्या पाइपाला किंवा पट्टीला, मीठ-कोळसा घालून केलेल्या खड्ड्यात. इथं मराठवाड्याची अडचण सुरू होते. वर काळी माती, खाली बेसाल्टचा खडक. काळ्या मातीत ओल असेल तोवर ती वीज चांगली वाहून नेते, पण उन्हाळ्यात ती आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाइपाला चिकटलेली माती त्याला सोडून देते. खडक तर कोरडा असला की जवळपास इन्सुलेटरच. म्हणजे कूलरला अर्थिंगची सगळ्यात जास्त गरज असते त्याच महिन्यांत अर्थिंग सगळ्यात कमजोर होतं. म्हणून जुने वायरमन उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता म्हणतात, ते काही उगं नाही. आता २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, अशा वर्षी खड्ड्यात कोण पाणी ओतणार म्हणा.

यातलं गणित एकदा करून बघाच. घरातला दाब २३० व्होल्ट. अर्थिंगचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, २ ओहम असेल आणि फेज बॉडीला टेकला तर १०० च्या वर अँपिअर वाहतात, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारं बोर्डातलं बटण) लगेच पडते, कळतं की कायतरी झालंय. पण रोध वाढून २५ ओहम झाला असेल तर वाहणार ९ च्या आसपास अँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीला यात काहीच वावगं दिसत नाही, तिला वाटतं कुणीतरी इंडक्शन लावलंय. ती पडत नाही, कूलर मस्त चालू राहतो आणि त्याच्या पत्र्यावर जवळपास पूर्ण व्होल्टेज बसून असतं. "एमसीबी आहे की, मग काय होतंय" असं म्हणणाऱ्यांना हे सांगायचं की एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, माणसासाठी नाही.

माणसाचा हिशोब मिलिअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या भागात आहे. साधारण १ मिलिअँपिअरला झिणझिण्या कळतात, १० च्या पुढं हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेलं सुटत नाही, त्याच्या वर श्वासाचे स्नायू अडकू लागतात आणि ५० च्या आसपास एखाद-दोन सेकंद जरी वीज छातीतून गेली तरी हृदयाची लय बिघडू शकते. कोरड्या हाताचा रोध बराच असतो, पण घामेजलेलं अंग, ओली फरशी आणि अनवाणी पाय असले की तो हजार ओहमच्या घरात येतो, मग २३० भागिले १००० किती ते तुम्हीच करा. कूलरमध्ये पाइपनं पाणी भरताना जे जीव जातात ते असे.

यावर खरा इलाज म्हणजे आरसीसीबी. दिसायला एमसीबीसारखीच पण थोडी रुंद, वर टेस्ट लिहिलेलं बटण असतं. तुळजापूरला ट्रॅक्स भरून माणसं नेणारा जसा निघताना मोजतो आणि परत बसवताना मोजतो, तसं ही फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघते. ३० मिलिअँपिअर कमी आले म्हणजे कुठंतरी भलतीकडं चाललेत, झटक्यात लाईट बंद. अर्थिंग कच्चं असलं तरी ती काम करते, म्हणून आपल्या जमिनीला ती जास्तच लागू आहे. पण होतं काय, पावसाळ्यानंतर कुणाचा तरी दमट हीटर लागला की ती पडते, मग "सारखी पडायलीय" म्हणून वायरमनला बोलावून बायपास करून टाकतात. अहो ती पडायलीय म्हणजेच कायतरी गळतंय!

रूम बघायला गेलात की भाडं आणि पाण्याच्या वेळा विचारताच, त्याच दमात मेन बोर्डात आरसीसीबी आहे का आणि अर्थिंगचा खड्डा कुठंय हे विचारा. मालक "सगळं आहे" म्हणेल, तरी वायरमनकडून बघून घ्या, फेज आणि अर्थिंगमध्ये टेस्ट लॅम्प लावला की बल्ब मंद लागतो का लख्ख यावर त्याला बरंच कळतं. हे काम आपण करायचं नाही. एक फार वाईट प्रकार कॉट बेसिसच्या बिल्डिंगांत असतो, सगळ्या रूमच्या हिरव्या वायरी एकत्र बांधलेल्या असतात पण खाली खड्डाच नसतो किंवा जोड गंजून तुटलेला असतो. मग तीन नंबरच्या रूममधला पाणी तापवायचा रॉड फुटला की सात नंबरच्या कूलरची बॉडी जिवंत होते, आणि सात नंबरवाला बिचारा आपलाच कूलर दुरुस्त करत बसतो.

तोवर काय करायचं, तर पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन काढायची. जुन्या बोर्डांत बटण न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं, मग बटण बंद असूनही आतपर्यंत फेज पोचलेला असतो. पायात रबरी चप्पल. आणि कुणी चिकटलंच तर त्याला हात न लावता आधी मेन बंद, मग १०८.

थंडीत रॉड. परभणीची थंडी ज्यांना माहीतंय त्यांना रॉड किती लागतो ते सांगायला नको, वेळ अमावस्येच्या सुमाराला तर सकाळी नळाच्या पाण्याला हात लावू वाटत नाही. २० लिटर पाणी २० डिग्रीवरून ४५ वर न्यायला १५०० वॅटच्या रॉडला साधारण २३-२५ मिनिटं लागतात. विसरून झोपलात तर पुढच्या तासाभरात पाणी उकळायला लागतं आणि मग तासाला सव्वादोन-अडीच लिटर उडून जातं, काही तासांत रॉड उघडा पडतो, लालबुंद होतो आणि शेजारी काय तर प्लास्टिकची बादली. मोबाईलवर अलार्म लावा बस. पाण्यात बोट घालून गरम झालं का बघायचं नाही, आधी पिन काढायची आणि मगच बोट.

रॉड ठेवायची पण पद्धत आहे, हे कुणी सांगत नाही. आत नायक्रोमची तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साईडची पांढरी पावडर दाबून भरलेली असते. ही पावडर उष्णता जाऊ देते आणि वीज अडवते, पण हवेतली ओल ओढून घेते. बोअरच्या पाण्यानं वरून क्षाराचा थर बसला की उष्णता बाहेर पडत नाही, नळी जास्त तापते, बारीक चीर पडते आणि त्यातून ओल आत. म्हणून थर चाकूनं खरवडायचा नाही, व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या पाण्यात बुडवून ठेवला की सुटतो, अर्थात पिन बाहेर आणि कोरडी ठेवून. मग पुसून, वाळवून खिळ्याला टांगायचा. बाथरूममध्ये पडून राहिलेला रॉड पुढच्या डिसेंबरला थेट बादलीत घालू नका.

आणि हा रॉड लावायचा कुठं? छोटं सॉकेट ६ अँपिअरचं, म्हणजे १३८० वॅटपर्यंत. १५०० चा रॉड तिथंच नियम मोडतो, २००० ची इंडक्शन तर विचारूच नका. एकाच एक्स्टेंशनवर दोन्ही लावले की १५ अँपिअर. पिन जरा सैल असेल, जोडाला ०.१ ओहमचा जरी रोध असेल, तरी त्या एवढ्याशा जागेत २२ वॅट उष्णता तयार होते, आणि सोल्डरिंगची साधी गन असते २५ वॅटची. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, म्हणून "काल तर काय नव्हतं झालं" याला अर्थ नाही. पिनेचा पाय तपकिरी झालाय, बोर्डाजवळ जळक्या मासळीसारखा वास येतोय, तर ते सॉकेट तिथंच सोडून द्या. एक्स्टेंशनची वायर गुंडाळलेली किंवा गादीखाली ठेवू नका, उष्णतेला जायला जागा राहत नाही.

किटलीत मॅगी आणि खिचडी करणाऱ्यांनो, तुम्ही काय ऐकणार नाही म्हणून एवढंच सांगतो, किटली आपोआप बंद होते ती वाफेनं. वाफ एका पट्टीपर्यंत गेली की पट्टी वाकते आणि बटण पडतं. झाकण उघडं ठेवलं की वाफ तिकडं जातच नाही आणि ती बंद व्हायचं नाव घेत नाही.

मृग निघाला, हवा दमट झाली की कूलर तसाही काम करत नाही, पाणी उडायलाच जागा नसते. तेव्हा तो नीट आवरून ठेवायचा. टाकी रिकामी करून उन्हात, गवत फेकून द्यायचं, पंप गोड्या पाण्यात फिरवून वाळवायचा, वायर मोटरला करकचून न आवळता सैल वेटोळं करून वर टांगायची. आणि टाकीच्या आतल्या भिंतीला पाण्याची जी पांढरी रेष दिसते ना, तिथं ब्रश मारायचाच. डेंग्यूचा एडिस डास पाण्याच्या कडेला अंडी चिकटवतो, ती कोरड्यात पण काही महिने टिकतात आणि पुढच्या वर्षी पाणी भरलं की बाहेर येतात.

राहिला फ्रीज. महालक्ष्म्यांना आठ-पंधरा दिवस गावी जाणार असाल तर रिकामा करून, पुसून, दार थोडं उघडं ठेवून जा, नाहीतर बुरशी धरते. रूम बदलताना टेम्पोत उभाच न्यायचा, आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल पाइपात उतरतं, आणि आडवा न्यावाच लागला तर नव्या रूमवर रात्रभर उभा ठेवून मगच पिन लावा.