कार्लटनची 335 आणि तिच्यासारखी दिसणारी 330

गिटारवादक लॅरी कार्लटनच्या 1969 च्या गिब्सन ईएस-335 या इलेक्ट्रिक गिटारवर बेतलेली, त्याच्या नावाने निघालेली सिग्नेचर गिटार घ्यायची असते, किंमत ऐकून पाय मागे येतो आणि मग प्रश्न येतो: "त्यापेक्षा एपिफोन कसिनो घेतली तर? तीही सेमी-हॉलोच ना?" (सेमी-हॉलो म्हणजे अर्धी पोकळ, मधोमध भरीव लाकूड असलेली.) नाही. कसिनो सेमी-हॉलो नाही, आणि तिच्या घडणीची गिब्सन ईएस-330 सुद्धा नाही. विकणारेच जाहिरातीत बिनदिक्कत तसं लिहितात, याचा मला मनस्वी राग येतो.

335 म्हणजे 1958 चं मॉडेल, दोन हंबकर (तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या पिकअपचा एक प्रकार), दोन एफ-होल (वरच्या फळीतली इंग्रजी f च्या आकाराची भोकं). लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत कार्लटनने ती इतकी वाजवली की लोक त्यालाच 'मिस्टर 335' म्हणू लागले. 330 आली 1959 मध्ये, त्याच आकारात, पण पी-90 या दुसऱ्या प्रकारचे पिकअप घेऊन. कसिनो ही तिची एपिफोनकडची बहीण, 1961 ची.

आता मुद्द्याचं. 335 च्या पोटात मधोमध, मानेच्या सांध्यापासून पार बुडापर्यंत, मेपलचा ठोकळा आहे. पिकअप, ब्रिज (तारा जिच्यावर टेकतात ती घोडी), स्टॉप टेलपीसचे (तारांची टोकं धरणाऱ्या पट्टीचे) स्क्रू, सगळं त्याच्यावर. पोकळी उरते ती फक्त दोन्ही कुशींत. 330 च्या पोटात हा ठोकळाच नाही. अंग पातळ असलं तरी ती आरपार पोकळ आहे.

ठोकळा नसला की वरची फळी मोकळेपणी थरथरते. अ‍ॅम्प वाढवला की त्याचा आवाज फळीला हलवतो, फळी तारांना हलवते, तारांचा आवाज पुन्हा अ‍ॅम्पमध्ये जातो आणि गिटार कोकलायला लागते. यालाच फीडबॅक म्हणतात. शिवाय तारेची ताकद फळी हलवण्यात खर्च होते, त्यामुळे सूर लवकर विरतो. स्टीली डॅन या बँडच्या 'किड शार्लमेन' या गाण्यात (1976) कार्लटनचा सोलो ऐका. अ‍ॅम्प आवाज फाटेपर्यंत वाढवलेला असतानाही सूर लांबतो आणि ताब्यात राहतो. त्यामागे हात त्याचा आहे, पण ठोकळ्याचा वाटाही मोठा आहे.

इथेच दुसरी गल्लत होते: "कसिनोत हंबकर बसवून घेऊ, फीडबॅक जाईल." अहो, हंबकर विजेची घरघर मारतो. फळीच्या थरथरीतून उठणारा फीडबॅक ही वेगळीच गोष्ट. अशी चांगली कसिनो कोरून वाया घालवलेली पाहिली की जीव तुटतो.

जुनी गिटार घेताना मोबाइलचा टॉर्च एका एफ-होलमध्ये धरा आणि दुसऱ्यातून डोकवा. पूर्ण ठोकळा असेल तर उजेड मध्येच अडतो. 330 किंवा कसिनोत तो सरळ पलीकडे पोचतो.

बाकी फरक किरकोळ. कसिनोची मान सोळाव्या फ्रेटपाशी (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीपाशी) अंगाला मिळते, 335 ची एकोणिसाव्या, म्हणून वरच्या सुरांना हात पोचायला 335 सोपी. रंगांवर मी वेळ घालवणार नाही.

कसिनो वाईट आहे असं मुळीच नाही. बीटल्सच्या जॉन लेननने 1969 मध्ये लंडनमधल्या त्यांच्या गच्चीवरच्या कार्यक्रमात तीच वाजवली. स्वच्छ आवाजात कॉर्ड धरायच्या असतील तर मी डोळे मिटून कसिनोच उचलेन, 335 तिथे मला जडच वाटते. पण कार्लटनसारखा लांब, गाणारा लीड हवा असेल तर ठोकळ्याची गिटार घ्या. गिब्सन परवडत नसेल तर एपिफोनचीच डॉट बघा. तिच्यात ठोकळा आहे.